जाऊबाईंचा फेब्रुवारी आणि तुमचा मे

पत्र थोडक्यात असं : सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक ताई, वय ४२, नोकरी करणाऱ्या. घरात मिस्टर, नववीत जाणारी मुलगी, तिसरीतला मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. मुलगी पक्षी-प्राणीवेडी, तिची वही आहे, आणि तिला निळा देवमासा पाहायचाय. मुलाला घाटात गाडी लागते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत धाकटे दीर-जाऊ श्रीलंकेला जाऊन आले. त्यांना तीन बिबटे दिसले, देवमासा दिसला, फोटो अजून घरच्या ग्रुपवर फिरतायत. आता हे कुटुंब मे महिन्यात त्याच एजंटकडून तीच सहल करायला निघालंय : ७ रात्री, ६ हॉटेलं. नेगोम्बो, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, 'याला' नावाचं जंगल आणि शेवटी मिरिस्साचा समुद्र. मिस्टरांचं म्हणणं, जंगल आणि समुद्र सासूबाईंच्या कामाचे नाहीत, त्यांना दिरांकडे ठेवू. ताईंना ते बरं वाटत नाही, पण त्या प्रामाणिकपणे लिहितात, "त्या आल्या तर माझी सुट्टी माझी राहणार नाही, हेही मनात येतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते." एजंटला आठवडाभरात अ‍ॅडव्हान्स हवाय. "परत परत जाणं होणार नाही, म्हणून सगळं एकदाच बघून घ्यायचं. सासूबाईंना न्यावं का? की हे सगळं सोडून आपलं गोव्याला जावं?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला त्यात सासूबाईच दिसल्या. दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही जाता जाता लिहिलेला 'फेब्रुवारीत' हा शब्द दिसला आणि तिथेच थांबले. तुमच्या एजंटने या शब्दाबद्दल तुमच्याशी बोलायला हवं होतं. बाकी सगळ्याआधी तेच बोलू, कारण ते एकदा नीट बसलं की सासूबाईंच्या प्रश्नाचाही पीळ बराच सुटतो.

श्रीलंकेत पाऊस दोन बाजूंनी येतो. तुम्हाला हे समजायला नकाशाचीही गरज नाही, तुमचा जिल्हाच पुरे. शिराळ्यात धो धो कोसळत असतो तेव्हा जत कोरडं असतं. पश्चिमेकडून आलेले ढग सह्याद्रीशी अडतात, तिथेच रिते होतात. श्रीलंकेच्या पोटात असाच डोंगराळ भाग आहे, अडीच हजार मीटरपर्यंत चढलेला. नैऋत्य मोसमी पाऊस केरळात पोचतो त्याच्या थोडं आधी, मेच्या उत्तरार्धात, तो श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर येतो. मिरिस्सा, गॉल, बेंटोटा आणि डोंगराचा पश्चिम उतार ओलाचिंब होतो, समुद्र खवळतो. डोंगरापलीकडचा पूर्व किनारा मात्र तेव्हा कोरडा आणि शांत असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत उलटं होतं : ईशान्येचा पाऊस पूर्वेला झोडपतो आणि दक्षिण-पश्चिम किनारा निवळतो.

म्हणून मिरिस्साचे देवमासे डिसेंबर ते एप्रिल पाहायचे असतात. मे ते ऑक्टोबर तिथल्या बहुतेक बोटी निघतच नाहीत, आणि एखादी निघाली तरी त्या लाटांवर तुमच्या धाकट्याला बसवू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. जाऊबाईंना देवमासा दिसला यात त्यांचं नशीब होतंच, पण महिनाही होता. तीच सहल तुम्ही मेमध्ये केलीत, तर तुमची मुलगी शेवटचे दोन दिवस मिरिस्साच्या हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघत बसेल.

म्हणजे मेमध्ये जाऊच नये का? जावं. पण पूर्वेला जावं.

त्रिंकोमाली हे नाव तुम्ही भूगोलात वाचलं असेल, नैसर्गिक बंदर म्हणून. त्या बंदराच्या तोंडाशीच समुद्राच्या तळाला एक खोल दरी आहे, किनाऱ्याच्या फार जवळ. खोल पाणी जवळ, म्हणून मोठे जीवही जवळ. साधारण मार्च ते ऑगस्ट या काळात तिथे निळे देवमासे दिसतात, कधी स्पर्म व्हेलही. मिरिस्साइतक्या बोटी तिथे नसतात आणि दिसण्याची हमी कुणीच देऊ शकत नाही. मुलीला हे आधीच सांगा. ज्या मुलीने वही केलीय तिला 'दिसेलच' असं सांगून नेण्यापेक्षा 'शोधायला जातोय' असं सांगितलेलं जास्त आवडेल, बघा. त्रिंकोमालीच्या उत्तरेला १५ किलोमीटरवर निलावेली आहे. लांबलचक रेती, मेमध्ये शांत पाणी. तिथून बोटीने पिजन आयलंडला जाता येतं. छोटं बेट, पण राष्ट्रीय उद्यान आहे. प्रवाळ आणि लहान जातीचे शार्क गुडघ्या-कमरेएवढ्या पाण्याजवळ दिसतात. हे शार्क माणसाच्या वाटेला जात नाहीत. सकाळी लवकर जा, नंतर गर्दी होते. आणि मुलांना एकच नियम पक्का सांगून ठेवा : प्रवाळावर पाय टेकायचा नाही. ते दगडासारखं दिसतं पण जिवंत असतं, आणि लोकांच्या पायांनी तिथलं बरंच मेलेलं आहे.

आता बिबट्या. यालात मेमध्ये जाता येतं, जंगल उघडं असतं. जंगल बंद ठेवायची वेळ आली तर ती सहसा सप्टेंबर-ऑक्टोबरात, कोरडं पडल्यावर. बिबट्यांची इतकी दाट वस्ती असलेल्या जागा जगात फार थोड्या, आणि यालाचा पहिला विभाग त्यातला एक. श्रीलंकेत वाघही नाही आणि सिंहही नाही. आपल्याकडे वाघाच्या आणि माणसाच्या धाकाने लपून राहणारा बिबट्या तिथे जंगलाचा राजा आहे. म्हणून तो भर दिवसा वाटेवर येऊन बसतो, खडकावर ताणून देतो. 'कोटिया' म्हणतात त्याला सिंहलीत.

तरीही मी तुम्हाला यालाला पाठवणार नाही, आणि का ते सांगते. काही वर्षांपूर्वी मी आईला घेऊन गेले होते. आमच्या जीपवाल्याला फोन आला, "दिसलाय." मग अर्धा तास आम्ही जे सोसलं त्याला सफारी म्हणवत नाही. कच्च्या रस्त्यावरून सुसाट गाडी, आईचे दोन्ही हात पुढच्या दांड्यावर घट्ट, आणि पोचलो तेव्हा पुढे वीसेक जीपा एकमेकींना चिकटून उभ्या. डिझेलचा धूर. मला झाडावरून लोंबणारी शेपटी दिसली. आईला माणसांच्या पाठी दिसल्या. परतताना ती म्हणाली, "त्याला काय वाटत असेल गं?" तेव्हापासून मी ओळखीतल्या प्रत्येकाला विल्पत्तू सुचवते.

विल्पत्तू हे त्या देशातलं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान, १,३१७ चौरस किलोमीटर. यादवी युद्धाच्या काळात बरीच वर्षं बंद होतं, म्हणून अजूनही तिथे गर्दी कमी. दाट जंगल आणि मधूनमधून पावसाच्या पाण्याने भरणारी उथळ तळी. त्यांना 'विल्लू' म्हणतात. बिबट्या इथेही आहे, अस्वलही आहे, पण ती यालापेक्षा दुर्मीळ दिसतात. या जंगलात थांबावं लागतं. तळ्याच्या काठी गाडी बंद करून बसायचं, वानराचा कॉल आला की कान टवकारायचे, चितळांची मान कुठे वळलीय ते बघायचं. तुम्ही ताडोबाला गेला होतात आणि पहिल्याच सफारीत वाघ दिसला असं लिहिलंय. तुमच्या धाकट्याला आता वाटत असणार की जंगल म्हणजे गेटमधून आत गेलं की प्राणी. त्याला एकदा न दिसण्याचाही अनुभव मिळू दे, पण तो रिकामा जाऊ देऊ नका. त्याच्या हातात काहीतरी काम द्या : मोर मोजणं, मगरी मोजणं. मुलीला दुर्बीण लागेलच.

आणखी एक गंमत मुलीला सांगा. तिथे 'पालू' नावाचं झाड आहे, आपलं खिरणीचं झाड, ज्याला काही भागात रांजण म्हणतात. त्याची पिवळी फळं उन्हाळ्यात पिकतात, आणि जून-जुलैच्या सुमारास अस्वलं त्यांच्यासाठी झाडावर चढून बसतात. तुम्ही मेच्या शेवटी गेलात तर एखादं लवकर पिकलेलं झाड सापडेलही. सासूबाईंनी लहानपणी रांजणं खाल्ली असतील तर आजी-नातीला एकत्र शोधायला एक झाड मिळेल.

हे झालं महिन्याचं. आता तुमच्या सात रात्री आणि सहा हॉटेलांकडे येते.

"परत परत जाणं होणार नाही, म्हणून सगळं एकदाच" हे वाक्य मी खूप पत्रांत वाचते, आणि त्यामागची काटकसर मला कळते. वर्षानुवर्षं साठवलेले पैसे आहेत. पण हे गृहीतक जरा तपासून बघूया. मुंबईहून कोलंबोचं थेट विमान अडीच तासांच्या आसपास घेतं. सांगलीहून मुंबईला यायला तुम्हाला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. मुलगी कॉलेजात गेल्यावर, एखाद्या डिसेंबरात, तुम्ही दोघं दक्षिण किनाऱ्याला पुन्हा जाऊ शकता. मग या खेपेला अर्धाच देश पाहिला म्हणून काही बिघडत नाही. उलट 'एकदाच' या धाकापायी होतं काय, की सगळी सुट्टी गाडीत जाते. श्रीलंका नकाशावर लहान दिसते, लांबी साधारण ४३० किलोमीटर. पण तिथले बहुतेक रस्ते दोन पदरी, गावागावांतून जाणारे, आणि वेग ताशी ४० किलोमीटर धरला तरच हिशेब जुळतो. मोठा द्रुतगती मार्ग आहे तो कोलंबोहून दक्षिणेकडे जाणारा. तुमच्या कार्यक्रमात सिगिरिया-कँडी-नुवारा एलिया-याला हा सगळा भाग डोंगर चढून उतरण्याचा आहे, आणि तुम्हीच लिहिलंय की धाकट्याला घाटात गाडी लागते. रोज सकाळी बॅगा भरायच्या, रोज चार-पाच तास वळणं. सासूबाई नसल्या तरी ही सहल तुमच्याच कष्टाची आहे, ताई.

मी असं करेन. विमान संध्याकाळी पोचत असेल तर पहिली रात्र नेगोम्बोत, विमानतळापासून अगदी जवळ. दुसऱ्या दिवशी चारेक तासांवर विल्पत्तूच्या कडेला, तिथे दोन रात्री. मग अनुराधापूरला अर्धा दिवस थांबून त्रिंकोमाली-निलावेलीला तीन रात्री. परत येताना हबरणला शेवटची रात्र, तिथून विमानतळ. चार मुक्काम, रस्ता बहुतेक सपाट.

हबरणच्या आसपास मिन्नेरिया आणि कौडुल्ला ही हत्तींची उद्यानं आहेत. मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधला. उन्हाळा वाढेल तसं त्याचं पाणी मागे सरकतं, काठावर कोवळं गवत येतं आणि रानोमाळचे कळप तिथे गोळा होतात. हा मेळा खरा रंगतो ऑगस्ट-सप्टेंबरात. मेमध्ये शेकड्यांनी दिसणार नाहीत, पण हत्ती दिसण्याची शक्यता चांगली असते. त्या दिवशी ते कोणत्या बाजूला आहेत हे तिथल्या जीपवाल्यांना माहीत असतं, तेव्हा उद्यानाचं नाव आधी पक्कं करू नका, दुपारी तिथे विचारून ठरवा. तिथल्या बहुतेक नरांना सुळे नसतात, हे मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर सगळ्या हत्तिणीच समजतील. हत्तीवर बसवून फिरवण्याचा आग्रह कुणी केला तर नाही म्हणा. पकडून, मारून माणसाळवलेला असतो तो.

सिगिरियाचा प्रचंड खडक हबरणपासून जवळ आहे. सुमारे १,२०० पायऱ्या. मिस्टरांना आणि मुलीला हौस असेल तर शेवटच्या दिवशी उजाडताच दोघांनी जाऊन यावं, विमान संध्याकाळचं असेल तर जमतं. बाकीच्यांनी निवांत नाश्ता करावा. कुटुंब सहलीला गेलं म्हणजे पाचही जणांनी प्रत्येक ठिकाणी एकत्रच असायला हवं असं काही नाही.

यात काय सुटलं ते सरळ सांगते : कँडी, चहाचे मळे, डोंगरातली रेल्वे, याला, गॉलचा किल्ला. मळे आणि ती रेल्वे सुटली याचं मलाही वाईट वाटतंय.

आता सासूबाई.

तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल दोन मतं आहेत, मिस्टरांचं आणि तुमचं. त्यांचं स्वतःचं मत कुठेच नाही. तुम्ही दोघांपैकी कुणी त्यांना विचारलंय का? जंगल आणि समुद्र त्यांच्या कामाचे नाहीत हे कुणी ठरवलं? ज्या बाईने आयुष्य शेता-गोठ्याच्या जवळ काढलंय (तुम्ही लिहिलंय की लग्नानंतर त्या वीस वर्षं मळ्यात राहिल्या) तिला झाडं, पाखरं, जनावरं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतात. पुढे तुम्हीच एका ओळीत लिहून गेलात की जाऊबाई परत आल्या तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "रावणाची लंका बघितली का गं?" तो मला प्रश्नापेक्षा इच्छाच जास्त वाटला.

रामायणाच्या ठिकाणांसाठी एजंट लोक नुवारा एलियाजवळचं सीता एलिया दाखवतात. तिथे ओढ्याकाठी सीतेचं देऊळ आहे आणि अशोकवन तिथेच होतं अशी श्रद्धा आहे. तुमच्या नव्या वाटेवर ते येणार नाही. पण त्रिंकोमालीला कोणेश्वर आहे. समुद्रात घुसलेल्या कड्यावरचं शिवाचं देऊळ. जुनं देऊळ पोर्तुगीजांनी १६२२ मध्ये पाडलं, आजचं विसाव्या शतकात उभं राहिलं. कड्याला एक उभी चीर आहे, ती रावणाने तलवारीने पाडली असं सांगतात. देवळाची वाट डच किल्ल्यातून जाते आणि त्या किल्ल्यात चितळं मोकळी फिरतात, माणसांच्या हाताशी येतात. तिथून थोड्या अंतरावर कन्निया इथे गरम पाण्याची सात कुंडं आहेत, प्रत्येकाची ऊब वेगळी. आईच्या उत्तरक्रियेसाठी रावणाने ती निर्माण केली अशी कथा आहे. आपल्याकडे रावण दसऱ्याच्या गोष्टीत भेटतो, तिथे तो आईच्या क्रियाकर्मासाठी पाणी शोधणारा मुलगा आहे. सासूबाईंना ही गोष्ट सांगून तर बघा. अनुराधापूरला श्रीमहाबोधी वृक्ष आहे. अशोकाची मुलगी संघमित्रा हिने इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात बोधगयेच्या पिंपळाची फांदी आणून लावली, तो हा, असं तिथे मानतात. त्याच्यासमोर पांढऱ्या कपड्यांत शांत बसलेल्या म्हाताऱ्या बायका पाहिल्या की सासूबाईंना भाषा येण्याची गरज पडणार नाही.

तर त्यांना विचारा. मिस्टरांनीच विचारावं, तुमच्या देखत, आणि "येणार का?" एवढ्यावर सोडू नये. कुठे जायचं, किती बसावं लागेल, कुठे चालायचं, हे सांगून विचारावं. त्या नको म्हणाल्या तर तेही मनापासून माना. मग दिरांकडची व्यवस्था नीट लावा. जाऊबाईंशी तुम्ही स्वतः बोला, औषधं मोजून द्या, रोज एक व्हिडिओ कॉल. त्यात 'ठेवून गेलो' असं काही उरत नाही.

आणि हो म्हणाल्या, तर तुमच्या सुट्टीचं काय? ताई, त्या वाक्याची लाज वाटून घेऊ नका. घरी ज्या बाईवर सगळ्यांचं दुखलं-खुपलं असतं, तिला परदेशात तेच ओझं नको वाटणं साहजिक आहे. पण मला दिसतं ते असं, की हे ओझं सासूबाईंमुळे नाही, तर ते एकटीच्या अंगावर असल्यामुळे आहे. म्हणून निघण्याआधी घरात बसून वाटणी करा. आजींची औषधं आणि जीपमध्ये चढणं-उतरणं मिस्टरांकडे. रात्री आजी आणि नात एका खोलीत. निलावेलीच्या तीन दिवसांतली एक पूर्ण सकाळ तुमची एकटीची. कुणी कुठे आहे, काय खाल्लं, तुम्ही विचारायचं नाही. हे मोठ्याने, सगळ्यांसमोर ठरवा. मनात धरून ठेवलेल्या अपेक्षा घरच्यांना दिसत नाहीत.

त्यांच्या दृष्टीने काही साध्या गोष्टी. सफारीची जीप उंच असते, पायरीही उंच, तेव्हा हॉटेलला सांगून एक स्टूल बरोबर घ्या. दिवसभराची सफारी घेऊ नका, सकाळची अर्धा दिवसाची पुरे, पाठीला उशी. जीप तुमच्या कुटुंबापुरती असू दे, म्हणजे थांब म्हटलं की थांबेल. मलेरिया तिथे नाही, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलंय, पण डेंगी आहे, म्हणून लांब बाह्या आणि डासांचं मलम. प्रवास विमा काढताना त्यांचा रक्तदाब लपवू नका. आणि त्यांचा पासपोर्ट आहे का ते आजच बघा. नसेल तर बाकी सगळं त्यावर अडेल. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा. सारख्या नावाच्या दुकानदारी साइट्स पुष्कळ आहेत, जास्तीचे पैसे घेणाऱ्या.

खाण्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण सासूबाई शाकाहारी आहेत आणि इथे लोक फसतात. तिथे भात आणि पाच-सहा भाज्या मिळतात, फणसाची, बिटाची, शिवाय नारळाच्या दुधातली डाळ. दिसायला सगळं शाकाहारी. पण खोबऱ्याच्या चटणीत, ज्याला 'पोल सांबोल' म्हणतात, आणि काही भाज्यांतही सुक्या माशाचे तुकडे घालतात, आपल्या सुकटीसारखे. त्याला 'उंबलकड' म्हणतात. "मासे नकोत" म्हटलं तर स्वयंपाकी मान डोलावतो, कारण त्याच्या लेखी तो मसाला आहे. तेव्हा नाव घेऊन सांगा, उंबलकड नको. त्रिंकोमालीत तमिळ हिंदूंची वस्ती मोठी, तिथे 'सैव' पाटी असलेलं हॉटेल शोधा, ते शुद्ध शाकाहारी असतं. आणि सगळ्यांनी एकदा तरी मातीच्या भांड्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर किथुलचा पाक खा. किथुल म्हणजे आपला भेरली माड. चव काकवीच्या जवळची.

एजंटशी भांडू नका. त्याला नवा मार्ग सांगा आणि चार गोष्टी लिहून मागा : रोज गाडीत किती तास, सफारीच्या किमतीत उद्यानाचं तिकीट, जीप आणि कर हे तिन्ही धरलेत का, जीप स्वतंत्र की वाटून, आणि समुद्र खवळल्यामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत की नाही. सार्क देशांच्या नागरिकांना काही ठिकाणी तिकिटात सवलत असते, पासपोर्ट जवळ ठेवा. तो म्हणाला, "मिरिस्सा मेमध्येही चालतं," तर दुसरा एजंट बघा. तारखा ठरवताना वेसाक कधी आहे तेही पाहा. मेच्या पौर्णिमेला तिथे बुद्धजयंतीची मोठी सुट्टी असते. रस्तोरस्ती कागदी कंदील लागतात, वाटसरूंना फुकट जेवू घालतात, फार सुंदर असतं. पण त्या दिवसांत अनुराधापूरला अफाट गर्दी होते आणि खोल्या मिळत नाहीत.

अशीच सहल आखणाऱ्या इतरांसाठी इथेच सांगून टाकते. मेच्या सुट्टीत पूर्व किनारा. नाताळच्या सुट्टीत दक्षिण : मिरिस्साचे देवमासे, उदवलवेचे हत्ती, हवं तर याला, फक्त तेव्हा सगळं महाग. दिवाळीच्या सुट्टीत मी टाळेन, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन पावसांच्या मधले दिवस असतात आणि दुपारनंतर कुठेही कोसळतो. गोवा तुम्ही विचारलात. मेमधल्या गोव्यात समुद्र मिळेल, विश्रांती मिळेल, खर्च कमी. मिस्टरांना या वर्षी पैशांची खरंच ओढ असेल तर त्यात कमीपणा नाही. पण तुमच्या पत्रात पैशांची ओढ मला दिसली नाही, जाऊबाईंच्या तीन बिबट्यांची दिसली. तुम्हाला एकही दिसला नाही तर घरच्या ग्रुपवर काय टाकायचं, हे मुलीला ठरवू द्या. तिच्या वहीतून काहीतरी निघेल.

आणि बॅग भरताना सासूबाईंचे दोन जोड जाड मोजे आठवणीने घ्या. अनुराधापूरला चपला बाहेर काढाव्या लागतात, मेमध्ये सकाळी दहानंतर तिथली फरशी आणि रेती तव्यासारखी तापते. मोजे चालतात.